न वाचलेले रकाने

उत्तर चिलीतल्या दोमेयको रांगेत मी भूवैज्ञानिक म्हणून काम करत होतो. चुकिकामाता, एस्कोंदिदा या तांब्याच्या अवाढव्य खाणी याच पट्ट्यात आहेत. प्रयोगशाळेचा अहवाल आला की मी तांब्याचा रकाना बघायचो. स्ट्रॉन्शियम आणि इट्रियमचे आकडे म्हणजे प्राध्यापकांचे चोचले, असं माझं ठाम मत. एका टेकडीच्या नमुन्यांत तांबं नगण्य निघालं, आणि 'जागा सोडावी' असं मी लिहून दिलं. पुढे दुसऱ्यांनी तिथेच ड्रिल केलं. खाली तांबं होतं.

वरचं तांबं पाण्याबरोबर झिरपून खाली साठलं होतं. वर उरला होता गंजलेला खडक. हे मला शिकवलेलं होतं, तरी विसरलो. पण जास्त लाजिरवाणं हे की, न वाचलेले रकाने खालची गोष्ट सांगत होते. नाझ्का भूपट्ट दक्षिण अमेरिकेखाली शिरतो. साधारण 100 किलोमीटर खोलीवर त्याच्या खनिजांत बांधलेलं पाणी सुटतं, त्यामुळे वरचं प्रावरण वितळतं. तो शिलारस जाड कवचाच्या तळाशी मुरतो. त्यात पाणी भरपूर असेल तर स्ट्रॉन्शियम शोषणारं प्लॅजिओक्लेज हे खनिज उशिरा बनतं, आणि हॉर्नब्लेंड व गार्नेट ही खनिजं इट्रियम खाऊन टाकतात. म्हणून स्ट्रॉन्शियम जास्त, इट्रियम कमी. हेच पाणी पुढे पृष्ठभागापासून काही किलोमीटरवर शिलारसातून सुटतं आणि तांबं, गंधक घेऊन खडकांच्या भेगांत शिरतं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. स्ट्रॉन्शियम-इट्रियमचं गुणोत्तर चांगलं दिसलं की ड्रिलची शिफारस. ती भोकं कोरडी गेली, पैसा अर्थातच कंपनीचा. अँडीजचं कवच इतकं जाड आहे (अल्टिप्लानोखाली सुमारे 70 किलोमीटर) की असं गुणोत्तर तांबं नसलेल्या खडकांतही सर्रास मिळतं. शिलारस पाणीदार असणं पुरत नाही. ते पाणी थोड्या जागेतून, भरपूर प्रमाणात बाहेर पडावं लागतं.

एवढं होऊनही पुण्यातल्या एका व्याख्यानात मी बोलून गेलो, की हिमालय इतका उंच, तिथेही अँडीजसारखं तांबं असणारच. साफ चूक. उच्च हिमालयातले फिकट ग्रॅनाइट मुख्यतः खंडीय कवचातले गाळाचे जुने खडक वितळून बनलेत. अँडीजच्या जातीचे तांब्याचे मोठे साठे आहेत ते उत्तरेला, तिबेटच्या गंगदिसे पट्ट्यात. भारत येऊन धडकण्याआधी तिथे सागरी भूपट्ट खाली जात होता.