टेकडीवरची सायकल

पुणे, वैशाख

प्रिय मित्रवर्य यांस,


ज्या अरुंद टायरांच्या सायकलीवर मी आपल्यासोबत कात्रज आणि खंबाटकीचे घाट वर्षानुवर्षे चढलो, ती घरी ठेवून मी वेताळ टेकडीवर प्रथमच डोंगरी सायकल चालविली, हे कानी आल्यापासून आपण त्याचे सविस्तर वर्तमान मागत आहात. ते आज लिहितो.

सडकेवर चढ किती आणि वळण कोठे, याचा निवाडा सार्वजनिक बांधकाम खात्याने आधीच केलेला असतो, आणि स्वाराकडे उरते ते लय राखणे व श्वासाचा हिशेब ठेवणे. टेकडीवर हा सारा अखत्यार आपल्याकडे येतो. काळ्या कातळाची पायरी डावीकडून घ्यावी की सरळ, सुटा मुरूम टाळावा की ओलांडावा, हे दर दोन हातांवर ठरवावे लागते. आणि मन इतके सर्वस्वी जागे असण्याचा जो आनंद तेथे लाभला, तो सडकेने मला क्वचितच दिला होता.

चाक मात्र ओळखीचेच निघाले. एकोणतीस इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या चाकावर टायर जेथे बसतो तेथील व्यास आपल्या सातशे-सी चाकाइतकाच, म्हणजे ६२२ मिलिमीटर असतो. भेद आहे तो हवेचा: आपण २५ मिलिमीटरच्या टायरात ९०-१०० पौंड दाब ठेवतो, तर येथे सव्वादोन इंची टायरात २५-३० पौंडच पुरतो, आणि तो मऊ टायर दगडाला बिलगून पकड घेतो.

घाटात आपण तीव्र चढ आला की पॅडलांवर उभे राहतो. मुरमावर तसे करताच मागच्या चाकावरचा भार हलका होऊन ते जागच्या जागी फिरते. म्हणून सीटच्या टोकाशी सरकून, छाती हँडलाकडे झुकवून, हलक्या गिअरवर बसूनच चढावे लागते. उतारावर याच्या उलट: सीट खाली घ्यावी, दोन्ही पॅडले समपातळीत ठेवून उभे राहावे, कोपर व गुडघे सैल सोडावे, पुढचा ब्रेक एका बोटाने जोखून दाबावा, आणि दृष्टी चाकापाशी न ठेवता पुढच्या वळणावर ठेवावी. सायकल खाली हवी तशी उसळू द्यायची आणि धड शांत राखायचे, हे शरीराला उमगले त्या क्षणी मला विलक्षण धन्यता वाटली.

या क्रीडेचे मूळ कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात आहे. तेथील तरुण १९७६ पासून जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन ज्या उतारावर शर्यती लावीत, त्याचे नावच ‘रिपॅक’ पडले. कारण एका उतरणीतच मागच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. त्यानंतर अवघ्या वीस वर्षांत, १९९६ साली, अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये या क्रीडेला मानाचे स्थान मिळाले.

आपल्या घाटांतल्या साधनेने मिळविलेला दम येथे पुरेपूर कामी येतो, याविषयी निःशंक असावे. मात्र मृग लागण्यापूर्वीच यावे. ओल्या मातीत चाकांनी चाकोऱ्या पडून पायवाट खचते, आणि पहाटे तेथे फिरायला येणाऱ्या वृद्धांची ती हक्काची वाट आहे.

आपला स्नेहांकित