नाकाखालची पन्हळ

नित्य मद्य घेणाऱ्या गर्भिणीचे मूल तहानलेले, अल्पस्मृती आणि अस्थिर चित्ताचे होते, असे चरकसंहितेच्या शारीरस्थानात म्हटले आहे. पुढे १८९९ मध्ये लिव्हरपूलच्या तुरुंगातील वैद्य सलिव्हन यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. आधीची मुले दगावलेल्या काही मद्यपी स्त्रिया गर्भारपणीच कैदेत पडल्या आणि त्यांना धड मुले झाली. गजांनी राखावे ते घराने राखू नये, हा कसला दैवदुर्विलास! १९६८ मध्ये फ्रान्समध्ये लेमवान यांनी मद्यपी आईबापांच्या १२७ मुलांची हकीकत लिहिली. १९७३ मध्ये सिएटलच्या जोन्स आणि स्मिथ यांनी या विकाराला नाव दिले.

के. आर. पुरममध्ये, लोहमार्गावरच्या तारांच्या पुलापासून जवळच, परिचारिका होऊ घातलेल्या मुलींसमोर बाई हे सारे सांगत होत्या. बाई मूळच्या बेळगावच्या. घरात मराठी, वर्गात कन्नड. विषय ऐकताच मुलींत हसू पिकले. आपल्याकडच्या बायका कुठे पितात, असा त्या हसण्याचा अर्थ. बाईंनी फळ्यावर एक चेहरा काढला आणि नाकापासून वरच्या ओठापर्यंत उतरणारी पन्हळ बोटाने पुसून टाकली. ओठ पातळ केला, डोळ्यांच्या फटी आखूड केल्या. हसू थांबले.

वार ही गाळणी आहे, असा समज या मुलींचाही होता. मद्य तिच्यातून सरळ पार होते आणि गर्भाचे कोवळे यकृत ते पचवू शकत नाही. चेहरा घडतो पहिल्या काही आठवड्यांत, पुष्कळदा आईला दिवस गेल्याचे कळण्यापूर्वीच. मेंदू मात्र नऊही महिने घडत राहतो. म्हणून कधीही थांबले तरी हाती काही लागते. निर्धोक माप मात्र कोणालाच ठाऊक नाही.

तास संपल्यावर एक मुलगी मागे राहिली. तिची आई बांधकामावर विटा वाही. अंगदुखीवर उतारा म्हणून बाप संध्याकाळी सारायीची पाकिटे आणी. त्यातले एक आईचे. राज्यात सारायीवर बंदी आली ती २००७ मध्ये. धाकटा भाऊ त्याआधीचा. त्याला अजून सुटे पैसे मोजता येत नाहीत.

“मिस, म्हणजे हे अम्मानं केलं?”

बाई क्षणभर गप्प राहिल्या. अशा फलकांवर पोट असलेली बाई असते, तिच्या हातातला पेला असतो. पाकीट आणणारा हात कोणी रंगवीत नाही.

“अम्माला तेव्हा कुणी सांगितलं होतं का गं?”

मुलीने मान हलवली.

बुद्धी मागे राहण्याची कारणे अनेक असतात, नुसत्या चेहऱ्यावरून निदान होत नाही, हे बाईंनी तिला समजावले. निम्हान्स याच शहरात आहे; भावाला तिथे ने, आणि पाकिटाची गोष्ट डॉक्टरांना सांग.

“अम्मासमोर?”

“तिला आधी बाहेर बसव.”

मुलीने वहीत पत्ता उतरवून घेतला.