बोट दाखवा आणि जेवा

मुलांकडे अमेरिकेत येऊन राहिलेल्या आमच्या वयाच्या माणसांची एक अडचण कोणी फारसं बोलून दाखवत नाही. इथे सगळं मिळतं, पण काही मागायचं म्हटलं की सोबत कोणीतरी लागतं. मी चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. बी.ए.सुद्धा मराठी माध्यमातून. इंग्रजी वाचता येतं, पण काउंटरपलीकडची पोरगी भराभरा विचारायला लागली (ब्रेड कुठला, चीज कुठलं, इथे खाणार की घरी नेणार) की मी आपली मुलाच्या तोंडाकडे बघते. हे गेल्यापासून तर माझ्या वतीने सगळं तोच बोलतो. त्याचं काही चुकत नाही हो. पण आयुष्यभर वर्गात बोललेल्या बाईला ते कुठेतरी लागतं.

मुलगा राहतो डेली सिटीत, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला लागून. उन्हाळ्यातही धुकं! गावातले सुमारे एक तृतीयांश लोक फिलिपिनो. त्यांची एक छोटीशी खाणावळ आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. सून म्हणाली, "आई, एकदा जाऊन बघा. तिथे फार बोलावं लागत नाही." एका शुक्रवारी एकटीच गेले.

आत काचेमागे स्टीलच्या मोठाल्या ट्रेमधून दहा-बारा पदार्थ मांडलेले. आपण बोट दाखवायचं, पलीकडची बाई भातावर वाढून देते. बस्स! अशा खाणावळीला त्यांच्या तागालोग भाषेत 'तुरो-तुरो' म्हणतात. तुरो म्हणजे बोट दाखवणं. मी एका तपकिरी रश्श्याकडे बोट दाखवून "मीट?" एवढंच विचारलं. तो होता आदोबो. व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, मिरी आणि तमालपत्रात शिजवलेलं डुकराचं मांस. मी मासे खाते, मांस नाही. बाईने मान हलवली आणि स्वतःच दुसऱ्या ट्रेकडे बोट केलं. पाहते तर काय, मूग! नावही 'मुंगो'. लसूण-टोमॅटोवर परतलेल्या मुगात शेवग्याचा पाला. ही मंडळी बहुतेक कॅथलिक. शुक्रवारी मांस टाळायची जुनी रीत, म्हणून मूग शुक्रवारचे. सोबत सिनिगांग, म्हणजे चिंचेचं आंबट सार, त्यात कोळंबी आणि मुळा. आणि कच्च्या पपईचं लोणचं, त्याचं नाव 'आचारा'! कोकणातल्या बाईला आणखी काय हवं?

पैसे मी माझ्या पाकिटातून दिले. त्या दुपारी त्याचंच अप्रूप जास्त वाटलं.

गर्दी ओसरल्यावर ती बाई टेबलाशी आली. माझ्या लेकीच्या वयाची. मला 'लोला' म्हणाली, म्हणजे आजी. मी पूर्वी काय करत होते, असं तिने विचारलं. "टीचर" म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. "आह, गुरो!" त्यांच्याकडे शिक्षकाला गुरो म्हणतात, आपल्या गुरूवरूनच आलेला शब्द. चेहऱ्याला म्हणतात मुखा. आणि गंमत म्हणजे बोट दाखवणं आणि शिकवणं या दोन्हींसाठी 'तुरो' हाच शब्द. मला आमचा फळा आणि छडी आठवली. आम्ही तरी दुसरं काय करत होतो?

तिची आई तिकडे लगुना प्रांतात एकटी राहते. कागदपत्रं तयार आहेत, पण म्हातारी यायला तयार नाही. मी विचारलं, का? ती म्हणाली, आई म्हणते, इथे मी दिवसभर बोलते, तिथे येऊन गप्प बसू का?

मी काही बोलले नाही. आमटी गार होत होती.

घरी आल्यावर नातीला कॉम्प्युटरवर लगुना शोधायला सांगितलं. 1989 मध्ये तिथे एक ताम्रपट सापडला. काळ शके 822, म्हणजे इसवी सन 900. एका कुटुंबाची कर्जातून सुटका झाल्याची नोंद, आणि तिथी दिली आहे वैशाख कृष्ण चतुर्थी, सोमवार! आमच्या ज्ञानेश्वरीच्या 390 वर्षं आधी कुठल्या कुठे त्या बेटावर कोणीतरी आपल्यासारखा शक आणि वार लिहीत होतं. सध्या तो ताम्रपट मनीलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. नात म्हणाली, "आज्जी, तू आज किती बोलतेयस!"

मुलाने ग्रीन कार्डाचा विषय काढलाय. तो काळजीने बोलतो, मला कळतं. पुण्यात माझ्या मैत्रिणी आहेत, वाचनालय आहे, भाजीवाल्याशी घासाघीस आहे. इथे नात आहे. अजून काही ठरवलेलं नाही. "मला लगुनातल्या त्या आईचं पटतं", एवढं मात्र काल त्याला स्पष्ट सांगितलं. तो ऐकत होता, मध्ये बोलला नाही.

असो. येत्या शुक्रवारी नातीला घेऊन जाणार आहे. ती मागवायला पुढे झाली तर म्हणणार, "थांब गं, आज मी मागवते."