निपाणीमार्गे बेळगाव

कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला, बेळगावचा सांब्र्याला. दोन्ही धावपट्ट्यांत सरळ रेषेत अंतर जेमतेम 95 किलोमीटर. विमानाला हे अंतर काहीच नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे तीन किलोमीटरही नसलेलं अंतर लोक विमानाने दोनेक मिनिटांत कापतात, कारण मध्ये समुद्र आहे. आपल्याकडे मध्ये राज्याची हद्द आहे. रेल्वे मिरजेचा वळसा घालते आणि निपाणीला तर रूळच नाहीत. म्हणून एसटी.

कागल सुटलं की दूधगंगा, मग कोगनोळीचा नाका आणि कन्नड पाट्या. यमगर्णीला वेदगंगेचा पूल लागतो. 2019 आणि 2021 च्या पुरात नदी इथे थेट महामार्गावर आली होती. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न पेटला की पाऊस नसतानाही गाड्या अडतात. डिसेंबर 2022 मध्ये तेच झालं.

निपाणीत मी मुद्दाम उतरलो. गाव निपाणकर देसायांचं, पण नाव झालं तंबाखूने. 14 मार्च 1981 पासून शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूचे शेतकरी भावासाठी याच पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले. बायाबापड्या, पोरंबाळं, चुली, सगळं रस्त्यावर. तीन आठवड्यांहून जास्त दिवस देशाचा हा हमरस्ता बंद होता. 6 एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि शेतकरी मारले गेले. आज तिथून ट्रक सुसाट जातात. गाडीतल्या किती जणांना हे ठाऊक असेल, शंकाच आहे. याच गावात कथाकार महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत तंबाखूच्या वखारीतल्या बायकांच्या कथा लिहीत राहिले.

आणि गंमत म्हणजे निपाणीचं देवचंद कॉलेज महाराष्ट्रात आहे. अर्जुननगर, तालुका कागल. कर्नाटकातली पोरं रोज दुसऱ्या राज्यात शिकायला जातात, तेही चालत!

पुढे तवंदीचा घाट, संकेश्वर, मग कित्तूरच्या राणी चन्नम्मांचं माहेर काकती, की आलंच बेळगाव. निपाणीपासून पाऊणशे किलोमीटर, दीड-दोन तास. सांब्र्याची धावपट्टी ब्रिटिशांनी 1942 मध्ये बांधली. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त करताना हवाई दलाने पुण्याबरोबर याच तळावरून विमानं उडवली. सीमाप्रश्नाची गोष्ट त्याही आधीची. 1946 मध्ये ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावच्या साहित्य संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला होता. दहा वर्षांनी बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं. महाजन आयोगाने 1967 मध्ये निपाणी महाराष्ट्राला द्यावी आणि बेळगाव कर्नाटकातच ठेवावं असं सुचवलं. तसं झालं असतं, तर या दोन गावांच्याच मध्ये हद्द आली असती. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, आणि 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

बेळगावला निघालात, तर न थांबणारी गाडी टाळा. निपाणीला उतरा, अर्जुननगरपर्यंत पायी जाऊन या आणि मग पुढची बस धरा.