एका चाकाचा भार

हिंगोलीचे डोंगर कुणाला भिववत नाहीत. सह्याद्रीचे कडे इथे नाहीत, धुक्यानं भरलेल्या दऱ्या नाहीत. औंढ्याच्या आसपास सागाची विरळ झाडी, पळस, मुरमाच्या पायवाटा आणि त्या वाटांत डोकं वर काढून बसलेले काळे धोंडे. या वाटेनं शेळ्या उतरतात, गुराखी उतरतो. आता माझ्या भाच्याला इथून एकचाकी सायकलवर बसून उतरायचं आहे. पुण्याला शिकायला गेला आणि हे शिकून आला. नामदेवांसाठी औंढ्याचं देऊळ फिरलं अशी कथा आहे, म्हणून नंदी आजही मागच्या बाजूला. तेव्हा फिरण्याचं आम्हाला फारसं नवल नाही. तरीही घरात सगळ्यांनी आधी ब्रेकची चौकशी केली. मला काळजी लागली ती रिमची.

एकचाकी म्हटलं की आपल्याकडे सर्कसच डोळ्यांपुढे येते. सर्कशीतली जमीन सपाट असते आणि खेळ तोल सांभाळण्याचा. दगडधोंड्यांतून ही सायकल नेण्याचं वेड दूरचं. अलास्कातल्या सूअर्ड गावचा जॉर्ज पेक समुद्रकाठच्या खडकांवरून आणि डोंगरवाटांवरून ती चालवायचा. पुढे कॅनडाचा क्रिस होम आला. हा पेशानं भूशास्त्रज्ञ. मेक्सिकोतल्या पिको दे ओरिझाबा या ज्वालामुखीच्या उतारावर तो एकचाकी घेऊन गेला आणि नंतर त्याच्याच नावानं मजबूत एकचाकी सायकली विकल्या जाऊ लागल्या. आपले काळे धोंडेही लाव्हाचेच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. थंड झालेले असले तरी रिमला त्यानं काही फरक पडत नाही.

साध्या सायकलचं चाक तसं सुखात असतं. जुन्या दांड्याच्या सायकलला पुढे 32 तारा आणि मागे 40. कारण बसणाऱ्याचं वजन, कॅरिअरवरचं पोतं, सगळं मागच्या चाकावर. एकचाकीला ही वाटणी नाही. माणसाचं सगळं वजन एकाच चाकावर, त्यात पायंडल थेट हबला जोडलेलं, मध्ये चेन नाही की फ्रीव्हील नाही. चढावर पाय चाकाला पुढे रेटतात, उतारावर तेच पाय त्याला मागे धरून ठेवतात. म्हणजे तारांना पीळ दोन्ही दिशांनी. शिवाय धोंड्यावरून उडी मारताना माणूस हवेत जरा वळला, तर चाक तिरकं आदळतं. साधी रिम तेव्हा पापडासारखी वाकडी होते. एक सोय मात्र आहे. गिअरच्या चकत्या नसल्यामुळे हबच्या दोन्ही बाजू समान अंतरावर असतात, डाव्या-उजव्या तारांवर ताण सारखा पडतो, आणि असं चाक मुळातच कणखर असतं.

मजबूत चाक म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या सुतार-लोहारांना पक्कं ठाऊक होतं. बाभळीचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे, वर पाटे जोडून केलेला गोल आणि सगळ्यावर लोखंडी धाव. धावेचा घेर चाकाच्या घेरापेक्षा किंचित कमी ठेवायचा. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल करायची, तापून पसरली की उचलून चाकावर बसवायची, घणानं ठोकायची आणि वरून पाणी ओतायचं. थंड होताना धाव आवळते, पाटे एकमेकांत आणि आरे तुंब्यात दाबले जातात. त्या दाबातच गाडीचं बळ. उन्हाळ्यात लाकूड सुकून चाक खुळखुळायला लागलं की लोक चाकं पाण्यात भिजत टाकत.

सायकलच्या चाकात सगळा हिशेब उलटा. बारीक तार दाबली तर वाकणारच. म्हणून ती आधीच ताणून ठेवलेली असते. मग भार पेलतो कसा? जॉब्स्ट ब्रँट नावाच्या अमेरिकन अभियंत्यानं 1981 च्या ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात हे छान उलगडलं आहे. आपण बसलो की वरच्या तारांवरचा ताण जवळजवळ वाढत नाही; जमिनीलगतच्या मोजक्या तारांचा ताण तेवढा कमी होतो. म्हणजे चाक खालच्या तारांवरच उभं, फक्त त्यांच्यात साठवलेल्या ताणातून भार वजा होत जातो. साठा संपला, तार पूर्ण ढिली पडली, की चाकाला आधार उरत नाही. मला हे फार आवडलं. चांगल्या रिमची कामं मग दोनच : जास्त ताण सोसणं, आणि धोंड्याचा घाव दोन-तीन तारांवर न टाकता शेजारच्या अनेक तारांत वाटून देणं.

भाच्याला कार्बनची रिम हवी होती. हलकी, ताठ आणि त्याच्या खिशापेक्षा माझ्या खिशाला जड. मी नको म्हटलं, आणि पैशांसाठी नाही. कार्बन वाकत नाही, तडकतो. तडकलेली रिम हिंगोलीत कुणाकडे न्यायची? ॲल्युमिनियमची कड दगडावर चेपली तर पकडीनं सरळ करून घरी येता येतं. पोलादही नको. पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट ताठ, पण वजनानंही तिप्पट. म्हणून पोलादी रिमचा पत्रा पातळ आणि एकेरी ठेवतात. तेवढ्याच वजनात ॲल्युमिनियमची जाड, आतून पोकळ पेटीसारखी डबल वॉल रिम होते, आणि ती पीळ जास्त सोसते. 36 भोकं. सांधा वेल्ड केलेला असला तर उत्तम. रुंदी चाळीस मिलिमीटरच्या आसपास, कारण इथे सस्पेन्शन नाही. धक्का खायचा तो तीन इंची टायरनं, आणि त्यासाठी त्यात हवा कमी ठेवावी लागते. अरुंद रिमवर कमी हवेचा जाड टायर वळणावर कडेला लोळतो.

हे सगळं मी ज्यांच्याकडून तपासून घेतलं, ते सायकलवाले चाचा रिमकडे पाहतच नाहीत. चाक हातात घेऊन बोटानं एकेक तार वाजवतात. जी मंद वाजते ती ढिली. मग चाक फिरवून, कडेला खडू धरून आऊट काढतात. एकचाकीबद्दल त्यांचं मत प्रतिकूल आहे, पण त्यांनी एकच व्यवहारी अट घातली : “रिम कोणतीबी आणा, तिच्या मापाची तार आमच्याकडं मिळती का ते आधी बघा.” याच अटीवर दोन महागड्या रिमा बाद झाल्या. तारेची लांबी रिमच्या खोलीवर ठरते आणि दोन-तीन मिलिमीटरचा फरकसुद्धा चालत नाही, हे मी विसरलो असतो.

नवं चाक पहिल्या काही उतारांनंतर बसतं, तारा जरा सैल पडतात आणि पुन्हा कसाव्या लागतात. तारा कसायची चावी भाच्यानं घेतली आहे. तो म्हणतो, मामा, जूनमध्येच जाऊ. मी दिवाळीनंतर म्हणतो. पावसाळ्यात डोंगर उतरून शेतात आलं की काळी माती चाकाला धरते, टायर आणि फोर्कमध्ये गच्च भरते आणि चाक जागच्या जागी थांबतं. त्यावर रिम कितीही भारी असून उपयोग नाही. तेव्हा खराटा लागतो.