वसंत ऋतूचा निबंध आणि राणीची बाग



फेब्रुवारी लागला की आपल्या सगळ्यांच्या वर्गात एक निबंध हमखास येतो. 'वसंत ऋतू' किंवा 'माझा आवडता ऋतू'. माझ्याकडे तो कायमचा तयार आहे. डी.एड.ला असताना सराव पाठासाठी काढलेल्या टिपणवहीत लिहिलेला, तोच आजवर चालत आला. वसंत हा ऋतूंचा राजा, शिशिरातली पानगळ संपलेली, झाडांना नवी पालवी, आंब्याला मोहोर, आणि शेवटी कोकिळेचं गाणं. मी फळ्यावर लिहायचं, मुलांनी वहीत उतरवायचं. तुम्ही असं करत नसाल तर तुमचं मनापासून कौतुक. मी करत होते.

गेल्या वर्षी चौथीच्या वर्गाला म्हटलं, आधी तुमचा तुम्ही लिहा, मग मी फळ्यावर देते. बहुतेकांनी मोठ्या भावंडांच्या वह्यांतून किंवा मार्गदर्शकातून आणलं होतं. एका मुलाने मात्र पाचच ओळी लिहिल्या. त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्यातल्या दोन ओळी अशा होत्या: 'वसंत ऋतूत पाने खूप पडतात. माझ्या आईला दोनदा झाडावे लागते.' आणि शेवटी, 'म्हणून मला हा ऋतू आवडत नाही.'

मी लाल पेनाने 'पाने खूप पडतात'वर फुली मारली. बाजूला लिहिलं, 'पानगळ शिशिरात होते. विषयाला सोडून लिहू नये. पुन्हा लिही.' दहापैकी चार गुण. दुसऱ्या दिवशी त्याने फळ्यावरचा निबंध सुवाच्य अक्षरात उतरवून आणला, कोकिळेसकट. त्याला आठ दिले आणि 'छान' असा शेराही दिला. त्याची आई आमच्या शाळेजवळच्या एका सोसायटीत झाडलोट करते हे मला माहीत होतं. ते माहीत असूनही मी फुली मारली, हे मुद्दाम सांगते.

मार्चमध्ये परिसर अभ्यासाची क्षेत्रभेट ठरली. दरवर्षी आम्ही मुलांना राणीच्या बागेतच नेतो, म्हणजे भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात. पण खरं सांगायचं तर आम्ही त्यांना प्राणीसंग्रहालय दाखवतो. पेंग्विन, वाघ, मग डबा, मग परत. ही मुळात वनस्पती उद्यान म्हणून १८६२ साली सुरू झालेली बाग आहे आणि आपल्या डोक्यावर जे काही आहे ते शहरातल्या सर्वांत जुन्या झाडांपैकी आहे, हे मलाही कुणी सांगितलं नव्हतं. थंडी सरता सरता महापालिकेचं पुष्पप्रदर्शन तिथे भरतं, तेही मी दोनदा पाहिलं होतं. फुलांनी सजवलेल्या आकृत्या, तुफान गर्दी, आणि जो तो मोबाईल वर धरून. सुंदर असतं, नाही म्हणत नाही. पण तिथे फूल बघायला थांबता येत नाही, मागचे ढकलतात.

या वेळी एका सहकारी बाईंनी सुचवलं की तिथे वृक्षप्रेमी मंडळी वृक्षफेरी घेतात, झाडांची ओळख करून देतात, आपल्या मुलांसाठी विचारून बघ. विचारलं. एका ताईंनी शनिवारी सकाळी यायचं कबूल केलं. मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांची संमतीपत्रं, दोन मदतनीस पालक, एकोणतीस मुलं. बसमध्ये सगळ्यांचा एकच प्रश्न, "बाई, पेंग्विन दाखवणार ना?" म्हटलं, दाखवणार, पण झाडं आधी. बसमध्ये शांतता पसरली.

ताईंनी फेरीच्या सुरुवातीलाच मला अडचणीत आणलं. मुलांना विचारलं, "अशोकाचं झाड कुणी कुणी पाहिलंय?" सगळे हात वर. आमच्या शाळेच्या फाटकाशी उंच, सरळ, लांब पानांची झाडं आहेत, त्यांनाच आम्ही अशोक म्हणतो. अशोकवनातल्या सीतेची गोष्ट सांगताना मीच त्या झाडांकडे बोट दाखवलेलं. ताईंनी खऱ्या सीताअशोकाखाली उभं केलं. बुटकं, पसरलेलं झाड, आणि फुलांचे गुच्छ थेट फांद्यांना लागलेले. त्यातली काही केशरी तर काही लाल. "आधी केशरी असतात, मग जुनी होता होता लाल होतात," ताई म्हणाल्या. कोवळी पानं तर ओल्या रुमालासारखी खाली लोंबत होती. एका मुलीला वाटलं की त्यांना पाणी मिळालं नाही म्हणून सुकली. ताई म्हणाल्या, हात लाव. तिने लावला. मऊ, गार, टवटवीत. नवी पानं आधी अशीच लोंबतात आणि तांबूस असतात, हिरवं द्रव्य त्यांच्यात हळूहळू भरतं, मग ती ताठ होतात.

तिथून पुढे मुलं ताईंचीच झाली. कैलासपतीच्या खोडाला फुलं लागलेली पाहून "खोडाला फूल?" असा एकच गलका. मागून एक मुलगा म्हणाला, "फणस पण खोडालाच लागतो की." ताईंनी त्याला पुढे बोलावलं आणि त्याच्याशी हात मिळवला. त्या फुलाच्या आत नागाच्या फणीखाली पिंड असल्यासारखा आकार दिसतो, म्हणून हे नाव. झाड मात्र मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. उर्वशीचं झाडही दाखवलं. ते म्यानमारकडचं, आणि त्याचे लाल फुलांचे लोंबते घोस पाहून मुलीच काय, आमच्या मदतनीस आयाही मोबाईल काढून उभ्या राहिल्या. गोरखचिंचेपाशी मुलांनी खोडाला कवेत घ्यायचा प्रयत्न केला. त्या झाडावर एकही पान नव्हतं. "मेलं का हो हे?" मेलं नव्हतं. आफ्रिकेतलं झाड आहे, कोरड्या दिवसांत पानं टाकून देतं, जाड खोडात पाणी धरून बसतं, आणि पावसाच्या सुमाराला पुन्हा हिरवं होतं.

आणि मग आम्ही वर्षावृक्षाखाली आलो. आपल्याकडे रस्त्यांच्या कडेला छत्रीसारखी पसरलेली मोठी झाडं असतात ना, तेच. वारा आला की वरून पिवळी, बारीक पानं भुरभुरत होती. वाटेवर त्यांचा थर साचलेला. आणि त्याच झाडाच्या काही फांद्यांवर पोपटी कोवळी पालवी.

ताईंनी विचारलं, "आत्ता कुठला ऋतू चालू आहे?"

"वसंत!" एकोणतीस जण एका सुरात. माझी फळ्यावरची मेहनत.

"मग ही पानं का पडतायत?"

सगळे गप्प. आणि तो मुलगा माझ्याकडे बघत होता. ताईंकडे नाही, माझ्याकडे. उत्तर देऊ की नको, असं विचारणारी नजर होती ती. मला आधी वाटलं, काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी. पंचांगाप्रमाणे चैत्र अजून लागायचा आहे, तेव्हा हा शिशिरच म्हणता येईल, असं काहीसं. तसं म्हटलं असतं तर मी बरोबरही ठरले असते. पण दहा दिवसांपूर्वी मीच वर्गात म्हटलं होतं, बघा, वसंत आला. मी त्याला म्हटलं, "सांग ना. तुला माहितीये."

तो हळूच म्हणाला, "या दिवसांत पडतातच. रोज पडतात." मग खाली वाकून त्याने मूठभर पानं उचलली. "ही बारीक असतात, झाडूत येत नाहीत, फरशीच्या फटीत बसतात. वारा आला की परत मागे येतात. बदामाची बरी, मोठी असतात, हातानं पण उचलता येतात. पिंपळाची एकदम पडतात, दोन-चार दिवस लय त्रास, मग बंद." थोडं थांबून म्हणाला, "आणि याच्या शेंगा पडायला लागल्या की चिकट होतं सगळं. पाणी मारायला लागतं."

ताई त्याच्याकडे बघतच राहिल्या. त्या म्हणाल्या, गेली कित्येक वर्षं मी ही झाडं दाखवते, पण कुठलं झाड कधी आणि कसं पान सोडतं हे इतकं नेमकं मला कुणी शाळकरी मुलाने सांगितलेलं नाही. मग त्यांनी बाकीच्यांना समजावलं. आपल्याकडे हिवाळ्यात बर्फ पडत नाही. आपल्या झाडांची अडचण थंडी नसते, पाणी असतं. पावसाळ्यानंतर जमीन कोरडी होत जाते, पानांतून पाणी उडत राहतं, म्हणून कितीतरी झाडं फेब्रुवारी-मार्चमध्ये जुनी पानं टाकतात आणि लगोलग नवी आणतात. काही झाडं तर पंधरा दिवसांत सगळा पेहराव बदलतात. म्हणजे मुंबईत पानगळ आणि पालवी ही एकामागून एक येणारी दोन प्रकरणं नाहीत, एकाच झाडावर एकाच सकाळी दिसतात.

जाता जाता कोकिळेचाही निकाल लागला. झाडीतून कुहू ऐकू आलं, मुलं ओरडली, "कोकिळा!" ताई म्हणाल्या, तो कोकीळ, नर. काळा कुळकुळीत, तोच गातो. मादी तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके, ती असं गात नाही. माझ्या टिपणवहीतलं आणखी एक वाक्य गेलं. आंब्याच्या मोहोराबद्दल मी ताईंना विचारलंच नाही, कारण आमच्या शाळेसमोरच्या आंब्याला एव्हाना कैऱ्या धरल्या होत्या आणि ते मला रोज दिसत होतं.

मग कबूल केल्याप्रमाणे पेंग्विन पाहिले. मुलं खूश.

तुम्ही मुलांना नेणार असाल तर माझ्या अनुभवावरून सांगते. बाग बुधवारी बंद असते. सकाळी लवकर पोहोचा, नंतर ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतात. झाडं आधी, प्राणी नंतर, उलटं केलंत तर झाडांकडे कुणी बघत नाही. दहा-बारा झाडं पुरतात, पन्नास नको. मुलांना फुलं-पानं तोडायला देऊ नका, खाली पडलेली मात्र भरपूर असतात, त्यांच्यासाठी जुनी वही न्या. भायखळा लांब पडत असेल तर तुमच्या शाळेसमोरचं एकच झाड धरा आणि जानेवारीपासून एप्रिलपर्यंत दर सोमवारी मुलांना त्याच्यासमोर पाच मिनिटं उभं करा. काय दिसलं ते एका ओळीत लिहून घ्या. आम्ही आता पिंपळ धरलाय. कोवळी पानं लालसर होती, मग तांबूस, मग हिरवी, याची मुलांनी तारखांनिशी नोंद ठेवली आहे. मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदींसाठी आयतं साहित्य मिळतं, हा आपला फायदा.

सोमवारी मी त्याची वही मागून घेतली. चारचा आकडा खोडला, फुलीवर बरोबरची खूण केली, आणि खाली लिहिलं, 'तुझे निरीक्षण बरोबर आहे. बाईंची चूक झाली.' वर्गासमोरही तेच सांगितलं. मुलांना त्याचं फार काही वाटलं नाही, दोघं-तिघं हसली. एकाने विचारलं, मग आम्हाला पण गुण वाढवून देणार का.

तो वही घेऊन जागेवर गेला आणि मधल्या सुट्टीत परत आला. एका बोटाने पहिला निबंध धरलेला, दुसऱ्या बोटाने दुसरा.

"बाई, परीक्षेत कुठला लिहू?"

म्हटलं, पहिला लिही, पेपर मीच तपासणार आहे.

"आणि पाचवीत?"

पाचवीला तो दुसऱ्या शाळेत जाणार आहे. मी त्याला म्हटलं, दोन्ही पाठ ठेव. हे उत्तर मला तेव्हाही पटलं नव्हतं. तुमच्याकडे याहून बरं उत्तर असेल तर मला कळवा.