तुझ्या पल्सरचं ऑइल

हुडकेश्वर, नागपूर
नवतपा

प्रिय दादा,

आधी बातमी, मग बाकीचं. तुझ्या पल्सरचं ऑइल मी घरी बदललं, फाटकाच्या आत, निंबाच्या सावलीत. समोरच्या ब्रेकचं फ्लुइडही बदललं. गाडी चालून राहिली आहे आणि, महत्त्वाचं म्हणजे, थांबूनही राहिली आहे. फोन केला असता तर तू पहिल्याच वाक्याला ओरडला असतास, म्हणून हे पत्र.

पैसे वाचवायला केलं असं समजू नकोस. मिस्त्रीची मजुरी वाचली ती रिंग पाना, पसरट ट्रे आणि नरसाळं घेण्यात गेली. दुकानदारानं "मिस्त्रीनं कोणतं सांगितलं?" असं विचारलं, तेव्हा मी 20डब्ल्यू-50 म्हटलं आणि बाटली फिरवून मागे जासो एमए2 लिहिलंय का ते पाहिलं. मग तो काही बोलला नाही.

ते जासो प्रकरण तुला माहीत असेल, मला नव्हतं. शेजारच्या काकांनी त्यांच्या कारचं उरलेलं ऑइल देऊ केलं होतं, चांगलं महागाचं. मोटरसायकलमध्ये एकच तेल इंजिनला, गिअरला आणि क्लचला पुरतं, क्लचच्या प्लेटा त्याच तेलात बुडालेल्या असतात. कारच्या बऱ्याच तेलांत घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात. इंजिनला ती चांगली, पण क्लचला घर्षणच पाहिजे, नाहीतर इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे जात नाही. म्हणून जपानी लोकांनी दुचाकींच्या तेलासाठी वेगळी कसोटी काढली. काकांना एवढं सगळं सांगत बसले नाही. "दादाची गाडी आहे" म्हटलं, सुटले.

आकड्यांचंही पाहिलं. डब्ल्यूच्या आधीचा 20 म्हणजे थंडीत तेल कसं वागेल ते. आपल्याकडे त्याला कोण विचारतो! 50 हा आकडा 100 अंशांवर तेल किती दाट राहतं त्याचा. नागपूरच्या मे महिन्यात, हवेनं थंड होणाऱ्या इंजिनला, मानेवाडा चौकात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगताना तोच कामाचा. आणि हा दाटपणाही टिकत नाही. तेल गरम झाल्यावर फार पातळ होऊ नये म्हणून त्यात लांबलचक रेणू घालतात, ते गिअरच्या दातांत सापडून तुटत जातात. म्हणजे बाटलीवर 50 लिहिलेलं तेल काही हजार किलोमीटरनंतर 50 राहत नाही, गाडी कितीही जपून चालवा.

आता काम. इंजिन थोडं चालवून घ्यावं, म्हणजे खाली बसलेला गाळ तेलात मिसळून बाहेर येतो. नवतप्यात इंजिन गरम करायची गरज नसते, पण ढवळण्यासाठी चालवलं. गाडी डबल स्टँडवर, ट्रे खाली, पाना ड्रेन बोल्टला. शेवटचे आटे बोटांनी सोडवताना बोल्ट आत दाबून धरला आणि एकदम बाजूला घेतला. तेल बाहेर आलं ते धारेनं नाही, झोत मारून. आधी ट्रेच्या पलीकडच्या कडेला, मग जोर ओसरला तसं मागे सरकत सरकत मध्यावर, मग थेंब. काळंकुट्ट. आई दारातून म्हणाली, "अवं, हे तेल हाय का डांबर?"

काळं म्हणजे खराबच असं नसतं, हे मात्र मला पटलं. तेलातली साबणासारखी द्रव्यं काजळी धरून ठेवतात, इंजिनला चिकटू देत नाहीत. तेल काळं झालं म्हणजे त्यानं आपलं काम केलं. मी पाहिलं ते वेगळंच. बोल्टच्या टोकावरचा लगदा बोटांवर चोळला. चमचमणारी बारीक पूड असली तर चालतं, कण टोचला तर मिस्त्री गाठायचा. टोचला नाही.

फिल्टर बदलला, त्याची रबरी रिंगही. बोल्टला नवा वायसर. आणि मग तो प्रश्न, ज्यासाठी लोक मिस्त्रीकडे जातात: किती आवळायचं? इंजिनचं बूड ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडी. जास्त आवळला तर आटे इंजिनचे जातात, बोल्टचे नाही. या आकाराच्या बोल्टला साधारण 30 न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाला पंधरा किलोचा जोर. आपल्या वजनकाट्याचा हूक पान्याला अडकवून ओढलं. आईचा रद्दीचा काटा अशा कामी येईल असं तिलाही वाटलं नव्हतं. पंधरा किलो म्हणजे हाताला फारच कमी लागतं रे! बहुतेक सगळे त्याच्या दुप्पट आवळत असतील.

नवं तेल थोडं थोडं ओतलं, इंजिन मिनिटभर चालवून बंद केलं, तेल खाली उतरू दिलं आणि इंजिनच्या काचेतून पातळी पाहिली. दोन खुणांच्या मधोमध.

ब्रेकला दोन माणसं लागतात. लिव्हरवर आई होती. खालच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीत. टाकीला आणि मडगार्डला आधीच ओली फडकी गुंडाळली होती, कारण हे फ्लुइड रंग खातं. आईनं लिव्हर दाबून धरायची, मी निपल किंचित सोडायचा, नळीतून पिवळट-तपकिरी फ्लुइड सरकायचं, मी निपल बंद करायचा, आणि त्यानंतरच आईनं लिव्हर सोडायची. क्रम चुकला तर हवा आत जाते. हवा दबते, फ्लुइड दबत नाही, म्हणून मग ब्रेक पोचट लागतो. आईनं अशी शिस्त लावली, की मीच घाबरून गेले: "बंद झालं म्हन आधी, मंग सोडतो." वरच्या डबीत भर घालत राहिलो, ती रिकामी होऊ दिली नाही, नळीत स्वच्छ रंग येईपर्यंत.

फ्लुइड बदलायचं कारण मला आधी पोकळ वाटत होतं, कारण ते काही जळत नाही की झिजत नाही. पण ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट 4 नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळायचं नाही ही अट. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही अट 155 वर येते. तुझं फ्लुइड तू गेल्यापासूनचे सगळे पावसाळे प्यायलेलं होतं. म्हणूनच उघडून ठेवलेली जुनी बाटली वापरायची नसते.

हे सगळं सकाळीच आटोपलं. दिवस गेला तो ट्रेमधल्या तेलापायी. मिस्त्री सीलबंद बाटली आपल्यासमोर उघडतो, पण निघालेलं तेल कुठे जातं ते आपण कधी विचारलंय? या वेळी ते माझ्या अंगणात होतं आणि त्याला मागणी होती! काका म्हणाले, दाराच्या चौकटीला लाव, उधळी लागत नाही. मागच्या प्लॉटवर स्लॅबचं काम चालू आहे, तिथला सेंट्रिंगवाला डबाच घेऊन आला, प्लेटांना लावायला. आपल्या लेआउटमध्ये घरं उठून राहिली आहेत, तिथे कितीतरी स्लॅब असेच कोणाच्या तरी गाडीच्या तेलावर सुटत असतील. नाल्यात ओत, हेही एकानं सुचवलं. इथला नाला पोहरा नदीत जातो. महापालिका दर उन्हाळ्यात नाग, पिवळी आणि पोहरा साफ करते, आणि नागपूरच्या सांडपाण्याचा त्रास पार गोसेखुर्दच्या धरणाला आहे.

कायद्यानं वापरलेलं तेल 2016 च्या नियमांत घातक कचऱ्यात मोडतं. 1 एप्रिल 2024 पासून ते परत गोळा होऊन शुद्ध व्हावं याची जबाबदारी तेल बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवर टाकली आहे. कागदावर हे छान आहे. पण आपल्या गल्लीत लिटरभर तेल न्यायला कोण येणार?

शेवटी नव्या तेलाच्या रिकाम्या बाटलीत ते भरलं आणि मिस्त्रीकडेच नेलं. त्याच्याकडे ड्रम आहे, भरला की गाडी येते. "पुढे कुठे नेतात?" म्हटलं. तो म्हणाला, "ताई, भाव सांगतात, पत्ता नाही सांगत." त्यानं तेल मात्र घेतलं, आणि ड्रेन बोल्टवर बोट फिरवून कोरडा आहे का तेही पाहिलं. माझा राग नाही आला त्याला. चेनचं काम त्याच्याकडेच टाकणार आहे, ते मला जमणार नाही.

ब्रेकचं जुनं फ्लुइड त्यानं घेतलं नाही, ते तेलात मिसळायचं नसतं म्हणे. बाटली झाकण लावून, वर नाव लिहून जिन्याखाली ठेवली आहे. चाकणला तुझ्या कंपनीत अशा कचऱ्याची काही सोय असेल तर विचारून ठेव. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन जा. आणि पीयूसी संपत आली आहे, आरसी तुझ्याजवळ आहे, तिचा फोटो आजच पाठव.

वहिनीला नमस्कार, पिल्लूला पापा.

तुझी
बेबी